अरबी समुद्राचा ताळा

मे महिना संपत आला की कोकणच्या किनाऱ्यावर होड्या वर ओढल्या जातात. यंत्रं उतरवून ठेवतात, जाळी धुऊन, वाळवून, बांधून घरात जातात आणि होडी झापांनी किंवा ताडपत्रीनं शाकारली जाते. 1 जूनपासून यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. ती नसती तरी त्या दिवसांतल्या दर्यावर जाण्याचं धाडस थोड्यांनीच केलं असतं. समुद्राचा रंग मोजून त्यातल्या हिरव्या जिवांचा अंदाज करणारे उपग्रह वर फिरत असतात, पण त्यांना निरभ्र आकाश लागतं आणि जून ते सप्टेंबर अरबी समुद्रावर ढगांचं छप्पर पसरलेलं असतं. संशोधन नौकांनाही त्या लाटांत उपकरणं खाली सोडणं जिकिरीचं होतं. नेमक्या याच चार महिन्यांत या समुद्रातली सर्वांत मोठी पेरणी होते. नैर्ऋत्येचा वारा सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यालगतचं पृष्ठभागावरचं पाणी बाजूला सारतो. केरळ-कर्नाटकच्या किनाऱ्यालगतही हे घडतं, तिथे त्याचं प्रमाण कमी असतं. सरलेल्या पाण्याची जागा घ्यायला खालचं थंड, पोषक क्षारांनी भरलेलं पाणी वर येतं आणि प्रकाशात आल्याबरोबर त्यात सूक्ष्म वनस्पती वाढू लागतात. नारळी पौर्णिमेनंतर पश्चिम किनाऱ्यावरच्या जाळ्यांत जे येतं, त्यातला बराच हिस्सा कुणी न पाहिलेल्या या पेरणीवर पोसलेला असतो.

जो ऋतू या समुद्राचं अन्न ठरवतो, तोच आपल्याला सर्वांत कमी दिसतो. हवामान बदलाच्या काळात इथल्या जीवसृष्टीचं काय होणार, हे विचारू लागलं की पहिली अडचण ही येते. जिथे डोळे पोचत नाहीत तिथे हिशेब मांडावा लागतो. पूर्वी शाळेत बेरीज-गुणाकार केल्यावर ताळा करून पाहायला शिकवत. उत्तर आलं एवढ्यानं भागत नसे, ते उलट बाजूनंही जमावं लागे. समुद्राचं गणिती मॉडेल म्हणजे असा एक प्रचंड हिशेब आहे आणि त्याचा ताळा समुद्रातल्या मोजमापांशी करायचा असतो. पुढच्या पानांचा विषय हा हिशेब आणि त्याचा ताळा हाच आहे. दोन्ही गोष्टींना सारखंच महत्त्व द्यायचं असं मी लिहायला बसतानाच ठरवलं होतं, कारण आपल्याकडच्या बातम्यांत हिशेबाचा शेवटचा आकडा तेवढा येतो, ताळ्याची गोष्ट कुणी सांगत नाही.

या विषयाच्या मध्यभागी ज्यांचं काम आहे ते शास्त्रज्ञ समुद्रकिनारी राहत नाहीत. पुण्यात पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. समुद्र तिथून शंभरेक किलोमीटर दूर, मध्ये सगळा सह्याद्री. रॉक्सी मॅथ्यू कोल तिथे काम करतात. ते मूळचे केरळचे, डॉक्टरेट जपानच्या होक्काइडो विद्यापीठाची. 2024 साली त्यांना विज्ञान युवा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. हिंदी महासागर किती आणि का तापतो आहे, त्याचा पावसावर काय परिणाम होतो आणि त्या तापण्यानं समुद्रातल्या अन्नसाखळीच्या पहिल्याच कडीचं काय होतं, असे त्यांचे प्रश्न एकातून एक निघत गेलेले आहेत. हे काम एकट्याचं नाही, हेही इथेच सांगायला हवं. त्याच संस्थेत आर. कृष्णन, स्वप्ना पणिक्कल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारताचं पहिलं पृथ्वी-प्रणाली मॉडेल उभं केलं. वातावरण, महासागर, जमीन, समुद्री बर्फ आणि समुद्रातलं जैवरसायन एकत्र चालवणारं हे मॉडेल आयपीसीसी या हवामान बदलावरच्या आंतरसरकारी समितीच्या सहाव्या अहवालासाठी झालेल्या जागतिक तुलनेत सामील झालं. एवढ्या कामाला लागणारे महासंगणकही पाषाणलाच आहेत, आधी ‘प्रत्यूष’ आणि 2024 पासून ‘अर्क’.

आता मूळ गोष्टीकडे वळू. तिच्यासाठी महासंगणक लागत नाही. चैत्र-वैशाखात गावच्या विहिरीत जो उतरला आहे त्याला ती अंगानं माहीत असते. वरचं हात-दीड हात पाणी कोमट असतं आणि पाय खाली सोडले की गार पाणी झोंबतं. गरम पाणी हलकं म्हणून वर राहतं, थंड पाणी जड म्हणून खाली, आणि कुणी उडी मारून ढवळल्याखेरीज दोन्ही एकमेकांत सहज मिसळत नाहीत. समुद्रातही असे थर असतात, फक्त तिथे त्यांच्यावर जगण्या-मरण्याच्या गोष्टी अवलंबून असतात. वनस्पतीला प्रकाश लागतो आणि खत लागतं. प्रकाश वरच्या थरात असतो. खत, म्हणजे नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट, हे खालच्या थरात साठतं, कारण मेलेलं सगळं खाली बुडतं आणि तिथे कुजतं. वरच्या थरातलं खत काही दिवसांत संपतं. पुढचं पीक येईल की नाही, ते खालचं पाणी वर येण्यावर ठरतं. रवी फिरली तर लोणी येणार. समुद्रातली रवी म्हणजे वारा, आणि हिवाळ्यात थंड होऊन खाली बसणारं पृष्ठभागाचं पाणी. हवामान बदलामुळे समुद्र वरून तापतो, वरचा थर आणखी हलका होतो आणि तेवढ्याच वाऱ्यानं घुसळण कमी होते. या संशोधनातलं पुढचं सगळं गणित या एका वाक्यातून फुटलेलं आहे.

ज्या सूक्ष्म वनस्पतींची ही गोष्ट आहे त्यांना वनस्पतिप्लवक म्हणतात. त्या पाण्याबरोबर वाहतात, डोळ्यांना एकेकट्या दिसत नाहीत, काही दिवसांतच जन्मून खाल्ल्या जातात. पृथ्वीवर जेवढं प्रकाशसंश्लेषण होतं त्यातलं जवळजवळ निम्मं त्या करतात. आपल्या स्वयंपाकघरापर्यंतची त्यांची वाट फार लांबची नाही. प्लवक खाऊन जवळा वाढतो, जवळ्यावर बोंबील पोसतो, आणि वर्सोवा-सातपाटीच्या डोलजाळ्यांत सापडलेले बोंबील मांडवांवर वाळत लटकतात. तारली आणि बांगडा तर प्लवकाच्या आणखी जवळचे, ते जवळजवळ थेट त्यावरच जगतात. म्हणून कोकण-गोव्याच्या साध्या ताटातला मासा समुद्राच्या घुसळणीशी सुरमईपेक्षा कितीतरी घट्ट बांधलेला आहे. हवामान बदलाच्या चर्चेत हे फारसं बोललं जात नाही याची मला खंत वाटते. महागड्या माशांच्या निर्यातीचे आकडे सगळ्यांना ठाऊक असतात, जवळ्याचं काय होईल हे कुणी विचारत नाही.

अरबी समुद्राची रचना इतर समुद्रांपेक्षा वेगळी आहे. पॅसिफिक आणि अटलांटिक उत्तरेला थंड प्रदेशांपर्यंत पसरले आहेत, हिंदी महासागराला मात्र उत्तरेला आशिया खंडाची भिंत आहे. उष्णतेला त्या बाजूनं वाट नाही. वर्षातून दोनदा वारे दिशा बदलतात आणि त्यांच्याबरोबर सोमालियाच्या किनाऱ्यालगतचा प्रवाहही उलटतो. घुसळणीचे हंगामही दोन आहेत. पहिला पावसाळ्यातला, तो वर सांगितला. दुसरा हिवाळ्यातला, आणि तो बराच उशिरा समजला. ईशान्येचे कोरडे, गार वारे उत्तर अरबी समुद्रावरून वाहतात, बाष्पीभवनानं पृष्ठभागाचं पाणी थंड आणि जड होऊन खाली बसतं आणि खालचे क्षार वर येतात. गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या एम. मधुप्रताप आणि सहकाऱ्यांनी 1996 साली ‘नेचर’मध्ये या प्रक्रियेची मांडणी केली. ही संस्था 1966 साली स्थापन झाली ती 1960 ते 1965 या काळातल्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेतून, आणि अरबी समुद्राविषयी आज आपण जे काही निश्चयानं बोलू शकतो त्यातलं बरंचसं दोनापावला इथल्या तिच्या टेकडीवरून आलेलं आहे.

मॉडेल हा शब्द ऐकला की लोकांना संगणक आठवतो. सागरी जीवसृष्टीचं गणित त्याच्या आधीपासून आहे आणि त्याची एक सुरुवात मासळीबाजारात झाली. उंबेर्तो द’आंकोना या इटालियन जीवशास्त्रज्ञानं त्रिएस्ते, फ्यूमे आणि व्हेनिस इथल्या बाजारांतल्या नोंदी तपासल्या. पहिल्या महायुद्धात एड्रियाटिक समुद्रातली मासेमारी थंडावली होती आणि त्या वर्षांत विक्रीला आलेल्या मासळीत मुशीसारख्या शिकारी माशांचं प्रमाण वाढलेलं होतं. याचं कारण त्यानं गणितज्ञ व्हितो व्होल्तेरा यांना विचारलं. व्होल्तेरांनी 1926 साली शिकारी आणि सावज यांच्या संख्येची जोड-समीकरणं मांडली आणि दोन्हींतून मासेमारी सारखी कमी झाली तर फायदा शिकाऱ्याचा होतो हे दाखवलं. मग 1946 साली अमेरिकेत गॉर्डन रायली यांनी मॅसॅच्युसेट्सजवळच्या जॉर्जेस बँक या उथळ भागातल्या प्लवकाचं वर्षभराचं चक्र कागदावर काढलं. प्रकाश किती, क्षार किती, पाणी किती खोल ढवळलेलं, प्राणिप्लवक किती खातात, या चार-पाच गोष्टी घेऊन त्यांनी काढलेली रेषा प्रत्यक्ष मोजलेल्या आकड्यांच्या बरीच जवळ आली. आजची मॉडेलं याच कल्पनेची वाढलेली रूपं आहेत. समुद्राचे उभे-आडवे चौकोनी ठोकळे पाडायचे. प्रत्येक ठोकळ्यात तापमान, खारटपणा, क्षार, वनस्पतिप्लवक, प्राणिप्लवक, कुजणारा ऐवज यांची शिल्लक ठेवायची. शेजारच्या ठोकळ्यातून किती आलं, किती गेलं, आत किती वाढलं, किती खाल्लं गेलं, हे दर काही मिनिटांनी किंवा तासांनी पुन्हा मांडायचं. सगळा व्यवहार बहुधा नायट्रोजनच्या चलनात चालतो. 1996 साली ज्युलियन मॅक्क्रीरी आणि सहकाऱ्यांनी फक्त चार घटकांचं असं मॉडेल खास अरबी समुद्रासाठी लिहिलं आणि पावसाळ्यातली व हिवाळ्यातली बहराची वेळ त्यात बऱ्याच अंशी साधली.

आता वादाकडे. या प्रस्तावनेत मी सर्वांत जास्त जागा त्याला देणार आहे, कारण मॉडेल म्हणजे काय हे मला त्यातूनच नीट समजलं.

2005 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक निबंध आला. मुख्य लेखक जोकिम गोएस, मूळचे गोव्याचे आणि तोवर अमेरिकेत स्थिरावलेले. सहलेखकांत हेल्गा गोम्स, त्याही गोव्याच्याच. उपग्रहांच्या नोंदींवरून त्यांनी दाखवलं की 1997 ते 2004 या काळात पश्चिम अरबी समुद्रात पावसाळ्यातलं वनस्पतिप्लवक घटलेलं नाही, उलट किनाऱ्यालगत 350 टक्क्यांहून जास्त वाढलं आहे. कारणमीमांसाही नेटकी होती. युरेशियावरचं हिवाळ्यातलं आणि वसंतातलं बर्फ कमी होतं आहे, त्यामुळे जमीन जास्त तापते, जमीन आणि समुद्र यांच्या तापमानातला फरक वाढतो, मोसमी वारा जोर धरतो आणि खालचं पाणी जास्त वर येतं. हे खरं असेल तर तापणारी पृथ्वी अरबी समुद्राला जास्त सुपीक करणार होती.

अकरा वर्षांनी, 2016 साली, रॉक्सी कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं उलट चित्र मांडलं. त्यांच्या निबंधानुसार पश्चिम हिंदी महासागरात त्याआधीच्या सहा दशकांत वनस्पतिप्लवक 20 टक्क्यांपर्यंत घटलं आहे. दोन वर्षं आधी, 2014 मध्ये, त्यांनी दाखवलं होतं की याच भागातलं पावसाळ्यातलं पृष्ठभागाचं तापमान 1901 ते 2012 या काळात 1.2 अंशांनी वाढलं आहे. त्यामागे एल निनोचा, म्हणजे पॅसिफिकचं पाणी तापण्याच्या घटनेचाही मोठा हात आहे, कारण एल निनोच्या वर्षी हा भाग तापतो आणि त्याच्या उलट, ला निनाच्या वर्षी तेवढा निवत नाही. तापलेला वरचा थर, वाढलेले थर-भेद, कमी झालेली घुसळण आणि म्हणून कमी अन्न, असा त्यांचा युक्तिवाद आहे. विहिरीच्या उदाहरणातून तो थेट पुढे येतो.

दोघांपैकी कुणीच खोटं बोलत नव्हतं. ते वेगवेगळ्या लांबीच्या पट्टीनं मोजत होते. समुद्राच्या रंगाची अखंड उपग्रह नोंद 1997 च्या उत्तरार्धात सुरू झाली, आणि 1997-98 हे गेल्या शतकातल्या सर्वांत प्रबळ एल निनोंपैकी एकाचं वर्ष. त्याच वर्षी हिंदी महासागराच्या पूर्व-पश्चिम तापमानांतला हेलकावा, म्हणजे द्विध्रुवही, तीव्र होता. मोजणीची पहिली खूणच अशा असाधारण वर्षी पडली. दुष्काळाच्या सालापासून विहिरीची पातळी मोजायला घेतली तर पुढची सात वर्षं ती वाढतानाच दिसेल. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी 2007 मध्येच अरबी समुद्र खरोखर सुपीक होतो आहे का, असा प्रश्न ‘करंट सायन्स’मधून विचारला होता. उपग्रहांची अखंड नोंद 1997 च्या मागे जात नसल्यामुळे कोल यांच्या गटानं जुन्या दशकांसाठी जगभरातल्या पृथ्वी-प्रणाली मॉडेलांचा आधार घेतला. इथे हिशेबानं ती जागा भरली जिथे मोजमाप नव्हतं. आणि त्याची जबाबदारीही इथेच येते. 20 टक्के हा आकडा छापताना ‘पर्यंत’ हा शब्द गाळला जाऊ नये, आणि त्या आकड्यामागच्या जुन्या दशकांत मोजमापं विरळ आहेत हेही सांगितलं जावं. मला स्वतःला कोल यांची बाजू जास्त पटते, कारण तिच्या मुळाशी असलेलं तापमान वाढणं निर्विवाद मोजलेलं आहे. तरीही गोएस यांचा प्रश्न मी मोडीत काढणार नाही. जमीन समुद्रापेक्षा वेगानं तापली तर किनाऱ्यालगतचे वारे वाढू शकतात, हे पदार्थविज्ञानाला धरून आहे. दोन्ही शक्ती एकाच वेळी, एकमेकींविरुद्ध काम करत असतील. कुठे कोण जिंकतं हे सोमालियासमोर आणि गोव्यासमोर वेगळं असू शकेल.

विशेष म्हणजे गोएस यांचं नंतरचं कामही घुसळण कमी होण्याकडेच गेलं. 2020 साली त्यांच्या गटानं लिहिलं की हिमालय-तिबेटवरचं बर्फ कमी झाल्यामुळे हिवाळ्यातले ईशान्य वारे पूर्वीइतके गार आणि कोरडे राहिलेले नाहीत, समुद्राचं पाणी तितकं थंड होत नाही आणि हिवाळ्यातली घुसळण मंदावते. त्यांच्या मते त्याचा फायदा नॉक्टिल्युका या जिवाला होतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यांवर हिवाळ्यात रात्री लाटा निळ्या उजळतात आणि लोक गाड्या काढून पाहायला जातात, त्यामागे बहुधा नॉक्टिल्युकाच असतो. अरबी समुद्रातल्या त्याच्या हिरव्या प्रकारात हजारो सूक्ष्म हिरव्या पेशी आत राहतात, त्यामुळे तो स्वतः खातोही आणि प्रकाशावरही जगतो. माशांना आवडणाऱ्या डायटम या वनस्पतिप्लवकांची जागा तो घेतो आणि त्याला खाणारे फार थोडे, साल्पसारखे जेलीच्या जातीचे जीव. 2014 मध्ये गोम्स आणि गोएस यांनी या बहरांचा संबंध कमी ऑक्सिजनच्या पाण्याशी जोडला. 2018 मध्ये हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेच्या संशोधकांनी मोजमापं करून दाखवलं की ऑक्सिजन कमी नसतानाही खुल्या समुद्रात असे बहर येतात. ऑक्सिजनची गोष्ट तशीही गंभीर आहे. अरबी समुद्रात साधारण 150 मीटरपासून हजार मीटरच्या आसपासपर्यंत जगातल्या सर्वांत जाड ऑक्सिजनशून्यप्राय थरांपैकी एक आहे, आणि पावसाळ्याच्या उत्तरार्धात त्याच जातीचं पाणी आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या उथळ भागावर चढतं. एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी 2000 साली याची नोंद केली. पुढच्या शतकात हा थर वाढेल की आकुंचेल, याबद्दल मॉडेलांचं अजून एकमत नाही.

मॉडेलांच्या उणिवांबद्दल मोकळेपणानं लिहिल्याशिवाय मला पुढे जायचं नाही. जागतिक मॉडेलात समुद्राचा एक ठोकळा साधारण एक अंशाचा, म्हणजे शंभरेक किलोमीटर बाजूचा असतो. वेंगुर्ल्यापासून डहाणूपर्यंतचं सरळ दक्षिणोत्तर अंतर साडेचारशे किलोमीटरच्या घरात आहे. म्हणजे महाराष्ट्राच्या सगळ्या किनाऱ्याला चार-पाच ठोकळे येतात, आणि त्यांत खाड्या, पुळणी, खडकाळ टोकं काहीच मावत नाही. उधाण आणि भांग यांच्यावर कोळ्यांचं अख्खं वेळापत्रक चालतं, या मॉडेलांत ते भरती-ओहोटीचं गणितच अनेकदा नसतं. बरीच मॉडेलं हिवाळ्यातला उत्तर अरबी समुद्र प्रत्यक्षापेक्षा थंड दाखवतात आणि त्यामुळे त्यांचा पाऊसही कमी पडतो, हे शास्त्रज्ञांनी स्वतःच दाखवून दिलेलं आहे. आणि पुण्याच्या मॉडेलात मासा नाही. त्यात माशाचं अन्न आहे. अन्न कमी झालं तर मासा किती कमी होईल, हा पुढचा हिशेब वेगळ्या मॉडेलांना करावा लागतो.

तो हिशेब करणाऱ्यांचा एक आंतरराष्ट्रीय गट आहे. 2019 साली हाइके लोत्झे आणि सहकाऱ्यांनी जगभरातल्या अनेक सागरी परिसंस्था मॉडेलांना एकच भविष्य देऊन त्यांची उत्तरं एकत्र केली. पृथ्वी एक अंश तापली की समुद्रातल्या प्राण्यांचं एकूण वजन सरासरीनं 5 टक्क्यांनी घटतं, असं त्यांना आढळलं. कर्बवायूंचं उत्सर्जन असंच वाढत राहिलं तर 2100 पर्यंत घट 17 टक्के, आणि त्या आकड्याच्या दोन्ही बाजूंना 11 टक्क्यांचं अंतर. यातला मला सर्वांत चटका लावणारा भाग असा की अन्नसाखळीत वर जावं तशी घट मोठी होत जाते. प्लवकात थोडी कमी, ते खाणाऱ्यात त्याहून जास्त, त्यांना खाणाऱ्यात आणखी जास्त. सावकाराच्या व्याजासारखी ती पायरी-पायरीनं चढते.

मात्र एखाद्या माशाच्या एखाद्या वाईट वर्षावर हे गणित लगेच चिकटवू नये. केरळात तारलीला मत्ती म्हणतात आणि ती तिथल्या गरिबाचं रोजचं कोरड्यास आहे. 2012 साली त्या राज्यात ती जवळजवळ चार लाख टन उतरली, 2021 साली साडेतीन हजार टनांच्या आत. पुढच्या दोन वर्षांत ती पुन्हा वर आली. यात एल निनो आहे, पावसाची वेळ आहे, पिल्लं पकडण्याची चूक आहे, आणि तारली पूर्वीही अशी वर-खाली होत आली आहे. तिचा वावर गेल्या काही दशकांत उत्तरेकडे पसरला, हे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी नोंदवलं आहे आणि ते तापमानवाढीशी जुळतं. हवामानाचा वाटा आणि जाळ्याचा वाटा वेगळा काढणं हे या शास्त्रातलं सर्वांत अवघड काम आहे. सोयीचा तेवढा वाटा उचलून दुसऱ्यावर दोष ढकलणाऱ्यांना ते कधीच जमणार नाही. ट्रॉलरवाले म्हणतात हवामान, हवामानवाले म्हणतात ट्रॉलर, आणि पारंपरिक मच्छीमार दोन्हींखाली भरडला जातो.

2024 साली कोल आणि सहकाऱ्यांनी उष्ण कटिबंधातल्या हिंदी महासागराचं पुढचं शतक मांडलं. 1950 ते 2020 मध्ये तो शतकाला 1.2 अंश या दरानं तापला. 2020 ते 2100 मध्ये हा दर शतकाला 1.7 ते 3.8 अंश होईल, किती ते आपण हवेत काय सोडतो त्यावर ठरेल. सागरी उष्णतेच्या लाटांचे दिवस 1970 ते 2000 या काळात वर्षाला 20 होते, ते 220 ते 250 होतील. पाण्याचा सामू 8.1 च्या वर होता तो शतकाअखेरीस 7.7 च्या खाली जाऊ शकेल. लाटांच्या आकड्याबद्दल एक खुलासा करतो. लाट म्हणजे जुन्या सरासरीच्या तुलनेत असाधारण गरम दिवस. सरासरीच वर सरकली की जुन्या मापानं जवळजवळ प्रत्येक दिवस लाटेचा ठरतो. म्हणून आकडा फुगवलेला आहे असं कुणी म्हणेल. मला ते पटत नाही, कारण प्रवाळ आणि मासे जुन्याच मापाला जुळवून जगत आलेले आहेत. लक्षद्वीपच्या प्रवाळाला नवी सरासरी शिकायला तीस वर्षांची सवलत मिळणार नाही.

या सगळ्याचा ताळा शेवटी पाण्यातच होणार. इन्कॉइस समुद्राचं तापमान आणि रंग पाहून मासे कुठे मिळण्याची शक्यता आहे याच्या सूचना मराठीतही पाठवते. त्या सूचनांवरून जाऊन आलेल्या प्रत्येक नौकेकडून त्या हिशेबाची एक परीक्षा घडलेली असते, पण ती परीक्षा लिहून ठेवायची पद्धत आपल्याकडे पक्की नाही. गोव्यात कांदोळीसमोर समुद्रविज्ञान संस्था 1997 पासून एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा जाऊन तापमान, क्षार, ऑक्सिजन मोजते. कंटाळवाणं वाटावं असं हे काम आहे, पुरस्कार देणारं नाही, आणि त्याच्याशिवाय किनाऱ्याच्या कोणत्याही मॉडेलाला पाय नाहीत. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर अशी ठिकाणं हवीत: मालवणला, हर्णैला, सातपाटीला. महाविद्यालयांना ती चालवता येतील, कोळ्यांच्या सोसायट्यांना त्यात सामील करता येईल. खोल समुद्रात आर्गोची तरंगती उपकरणं साधारण दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारून वर येतात आणि मोजलेलं उपग्रहाकडे पाठवतात. त्यांतली काही आता ऑक्सिजन आणि हरितद्रव्यही मोजतात. त्यांना ढगांची अडचण नाही, उधाणाची नाही, बंदीची नाही.

पहिलं प्रकरण अशाच एका बुडीपासून सुरू होतं. महिना ऑगस्टचा आहे, होड्या अजून शाकारलेल्या आहेत, आणि खालून वर येताना उपकरण दर काही मीटरला एक आकडा लिहितं आहे. त्या आकड्यांचा तक्ता मी प्रकरणात जसाच्या तसा दिला आहे. घाई न करता तो ओळीनं वाचावा. कुठल्या खोलीवर तापमान एकदम उतरतं, ती ओळ सापडली की थर तुमच्या हाताला लागला.